बावीस गैरहजर

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला नीलाने मेलमधला फोटो उघडला आणि तिला सगळ्यात आधी दिसल्या त्या हिरव्या बांगड्या. फोटो खरं म्हणजे एका मोबाइलचा होता, कोपऱ्यात काच तडकलेल्या साध्या मोबाइलचा. पण काढणारीला घाई असावी, कारण मोबाइलबरोबर तो धरणारा हातही आत आला होता. मनगटभर काचेच्या बांगड्या, त्यांच्या वर फिकट पडलेलं गोंदण, अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. गुरुग्रामच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नवव्या मजल्यावर दिवसभर दिसतात ती सगळी मनगटं पट्ट्यापट्ट्यांची, पावलं मोजणाऱ्या घड्याळांची. तिथे हा हात न विचारता आत आला आणि नीलाला क्षणभर बरंच वाटलं. मग तिने मेसेज वाचला. ‘भीमाबाई जी, आपका ऑपरेशन दिनांक %d-%m-%Y को निश्चित हुआ है। सुबह आठ बजे ख़ाली पेट ओपीडी हॉल में आएँ।’ तारखेच्या जागी तारीख नव्हती. तिथे ती खूण होती जी बाहेरच्या माणसाने कधी बघायचीच नसते, आणि ती नीलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली होती.

शोधाशोध करावी लागली नाही. तीस वर्षं प्रोग्रॅम लिहिल्यावर माणूस आपली चूक वासावरून ओळखतो. डेटाबेसच्या पोटात तारीख असते ती कुणाला सांगण्याजोगी नसते. ती बाहेर काढायची तर हुकूम द्यावा लागतो की आधी दिवस दे, मग महिना, मग वर्ष, आणि या प्रत्येकाच्या अक्षरापुढे टक्क्याचं चिन्ह घालावं लागतं. पण हुकूम डेटाबेसपाशी पोचायच्या आधी मधल्या एका प्रोग्रॅमच्या हातून जातो, आणि त्या मधल्याला टक्का दिसला की वाटतं, इथे आपण काहीतरी भरायचंय. म्हणून टक्का वाचवायचा तर तो दोनदा लिहायचा. मधला एक गिळतो, एक पुढे जातो. हे नीला नव्या मुलांना दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवायची. फक्त एक गोष्ट असते: मधल्याला भरायला काहीच दिलेलं नसलं, तर तो हुकमाकडे ढुंकूनही पाहत नाही, आहे तसा पुढे ढकलतो. मग दोन्ही टक्के सुखरूप पोचतात आणि डेटाबेस समजतो की यांना तारीख नकोच आहे, यांना टक्क्याचं चिन्हच छापून हवंय. तो तसं छापतो. तक्रार करत नाही, लाल अक्षरात ओरडत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका इस्पितळाच्या शस्त्रक्रिया विभागाचा नवा मेसेज लिहिताना मधल्याला भरायला काही नव्हतं, आणि नीलाने सवयीने प्रत्येक टक्का दोनदा लिहिला होता. वर तपासणी केली होती ती जुन्या विभागाच्या रस्त्याने, जिथे मधल्याला भरायला काहीतरी असायचं, म्हणून सगळं ठीक दिसलं. निष्काळजीपणाने झाली असती तर तिने मनाला एवढं लावून घेतलं नसतं. ही चूक काळजी घेतल्यामुळे झाली होती. एकदा पुरे होतं तिथे दोनदा.

हे दोनदा कुठून आलं तेही तिला ठाऊक होतं. वडील दोनदावाले होते. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमधून दर मे महिन्यात झेलम एक्सप्रेसने पुण्याला निघायचं, तेव्हा अंथरुणाच्या होल्डॉलला पट्टा असताना वरून सुतळीची गाठ, गाठीवर गाठ, दाराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचं, रिक्षा कोपऱ्यापर्यंत गेली की उतरून परत येऊन पुन्हा ओढायचं. आई रिक्षात बसल्या बसल्या म्हणायची, ‘ओढून ओढून एक दिवस तुमच्याच हातात येईल ते.’ आलं नाही कधी, पण पुण्याला पोचल्यावर होल्डॉलची गाठ सुटायची नाही आणि शेवटी काका सुरीने कापायचे, हे दरवर्षीचं. नीलाला वाटायचं की आपण तशा नाही होणार. लग्नानंतर पहिल्या वर्षातच नवऱ्याच्या, जयंतच्या, लक्षात आलं की ती झालीच आहे. अजून तो दिल्लीतल्या द्वारकेच्या घरातून निघताना लिफ्टपाशी तिला चिडवतो, ‘गॅस दोनदा बंद केलास ना? मग आता चालू झाला असेल, जा बघून ये.’ आणि ती जाऊन बघून येते. सत्तावन्नाव्या वर्षी, आरशात केसांची मुळं पांढरी दिसत असताना, ती बघून येते, आणि लिफ्ट निघून गेलेली असते.

दुरुस्तीला मिनिटही लागलं नाही. तीन चिन्हं खोडली, चालवून पाहिलं, सतरा-अकरा-दोन हजार पंचवीस. पण सोबतची मेल एवढ्याने मिटणारी नव्हती. ती शिवांगीची होती. त्या धर्मादाय इस्पितळात ऑपरेशनच्या याद्या सांभाळणारी मुलगी. नीलाने तिला पाहिलं नव्हतं, फोनवर तिचा घसा कायम बसलेला असायचा एवढंच माहीत. तिने लिहिलं होतं की दहा तारखेपासून असे त्रेसष्ट मेसेज गेलेत. पुष्कळांनी विचारून घेतलं. बावीस जण आले नाहीत, आणि जो गैरहजर तो यादीत शेवटी, हा नियम आहे. म्हणजे ते आता मार्चवर गेले. चूक तुमच्या बाजूची असेल तर बावीस नावांसकट तसं लेखी द्या, अधीक्षक त्यांना पुन्हा वर घेतील. लेखी नसेल तर माझ्या हातात काही नाही. फोटोतली बाई रोज इथे येऊन बसते, मी कालच पहिल्यांदा तिचा मोबाइल हातात घेऊन बघितला.

अंशुमनने मेल दोन बोटांनी वर सरकवत वाचली. तो तिचा वरिष्ठ, तिच्याहून वीस वर्षांनी लहान, आणि माणूस वाईट नाही. तिच्या गुडघ्याच्या दुखण्याच्या वेळी त्याने स्वतः तिच्यासाठी घरून काम मंजूर करून घेतलं होतं.

‘फिक्स हो गया ना, मॅम? बस. लिखकर कुछ नहीं देना है.’

‘अंशुमन, बाईस लोग हैं. मार्च में फेंक दिए गए.’

‘मैं समझ रहा हूँ, बिल्कुल समझ रहा हूँ. लेकिन दिसंबर में अस्पताल के कॉन्ट्रैक्ट का रिन्यूअल है. लिख दीजिए कि मेसेज ले जाने वाली कंपनी की तरफ़ से इशू था, जाँच चल रही है. जो नहीं आए वो तो नो-शो हैं ना, नो-शो तो वैसे भी होते हैं.’ मग आवाज खाली आणून तो म्हणाला, ‘मॅम, कोड की उस लाइन पे आपका नाम है. मैं आपको ही बचा रहा हूँ.’

ते खरंही होतं. नीला जागेवर परत आली. खिडकीबाहेर समोरचा टॉवर धुरक्यात अर्धा पुसलेला होता, गेले दहा दिवस तो तसाच होता, आणि हवा शुद्ध करणारं यंत्र कोपऱ्यात घरघरत होतं. तिला राग आला नाही. राग यायला जी थोडी ताकद लागते ती सकाळी द्वारकेहून येताना एक्सप्रेसवेवरच कुठेतरी संपते. तिला वाटलं, निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत, लिहून टाकावं हेच, घरी जावं, पाय गरम पाण्यात घालून बसावं. आणि तरी तिने तक्ता उघडला. बावीस ओळी. नववी ओळ: भीमाबाई, वय त्रेसष्ट, पित्ताशयात खडे, तारीख सतरा नोव्हेंबर, शेरा गैरहजर, पुढची तारीख नऊ मार्च. पत्त्याच्या जागी लष्करी छावणीतल्या फॅमिली क्वार्टरचा नंबर. म्हणजे मुलगा फौजेत, बाई महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी गावाकडची. शेरा बदलायचा हक्क तिला होता. ‘गैरहजर’ काढून ‘इस्पितळाकडून पुढे ढकलले’ एवढं घातलं, की नियम आपोआप त्या ओळीला सगळ्यांच्या वर नेऊन ठेवणार होता. एक ओळ. बावीस बदलल्या तर दिसल्या असत्या, एक कुणाच्या लक्षातही आली नसती. लेखी नको, अंशुमन नको. तिने हुकूम लिहिला, ओळीचा नंबर घातला आणि बोट त्या बटणावर ठेवून बसून राहिली.

आपला माणूस. दिल्लीत वाढलेल्या कुठल्याही मराठी मुलीने हे दोन शब्द वरणभाताबरोबर खाल्लेले असतात. रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळत नाही? बडोदा हाउसमध्ये आपला माणूस आहे. गॅसचा नंबर लागत नाही, टेलिफोन मिळत नाही, शाळेत प्रवेश होत नाही, तर कुठल्यातरी भवनात, कुठल्यातरी मजल्यावर एक आपला माणूस असायचाच. गणपतीला त्याची ओळख व्हायची आणि वर्षभर ती पुरायची. परक्या गावात मूठभर माणसांनी एकमेकांना धरून राहायचं, यात वाईट काय होतं? नीला तेरा वर्षांची असताना आईच्या पोटात गाठ निघाली आणि सरकारी इस्पितळात खाट मिळेना. वडिलांनी तीन आठवडे रांगेत काढले. मग गुलाबराव म्हणून एक गृहस्थ भेटले, आरोग्य खात्यात होते, त्यांनी एक फोन केला आणि दुसऱ्या दिवशी आईला खाट मिळाली. वडील घरी येऊन देवापुढे नारळ फोडून बसले. नीला संध्याकाळी थर्मास घेऊन वॉर्डात गेली, तेव्हा आईच्या खाटेच्या उशाशी भिंतीला दुसऱ्याच कुणाच्या नावाचा कागद चिकटवलेला होता, अर्धा फाडलेला, आणि व्हरांड्यात एक पंजाबी म्हातारा गाठोडं घेऊन उभा होता. तो नर्सला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, ‘साडा नंबर सी ना?’ आमचा नंबर होता ना? नर्स ट्रे घेऊन त्याच्या बाजूने निघून गेली. नीलाने थर्मासमधली कॉफी आईला दिली, आईने अर्धी प्यायली. आई पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. हे सगळं नीलाने कुणाला सांगितलं नव्हतं, जयंतलाही नाही, कारण सांगायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं? आई वाचली याचं दुःख झालं असं? तसं मुळीच नव्हतं. आनंदच झाला होता. त्या आनंदात तो म्हातारा उभा राहिला तो मात्र कायमचा.

तिने बटण दाबलं नाही. हुकूम पुसलाही नाही, तसाच ठेवून ती घरी आली. जेवताना जयंतला सांगितलं तर तो आमटीची वाटी पुढे करत म्हणाला, ‘त्यात काय एवढं? आपली बाई आहे बिचारी, तिचं करून टाक. बाकीच्यांचं त्यांचे लोक बघतील.’ जयंत भला माणूस. त्याच्या भलेपणाला शेजारच्या फ्लॅटपर्यंत जाता येतं, त्यापुढे त्याचे पाय दुखतात. नीलाने वाद घातला नाही. बंगळूरहून मुलीचा, तनयाचा, फोन आला तेव्हा तिला तो हात सांगावासा वाटला, पण गोंदण म्हणजे काय हे तनयाला आधी समजावून द्यावं लागलं. ‘अच्छा, टॅटू. मग टॅटू म्हण ना, आई.’ नीला म्हणाली, चलो, टॅटू. आणि तिला एकदम फार दमल्यासारखं झालं.

बुधवारी सकाळी ती ऑफिसला गेली नाही. उशीर होईल असा निरोप पाठवून नऊ वाजता इस्पितळाच्या ओपीडी हॉलमध्ये जाऊन उभी राहिली. बाईला बघून ठरवू, असं काहीतरी मनात असावं. हॉल लांबलचक, लोखंडी बाकांच्या रांगा, प्रत्येक बाकावर माणसं, माणसांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि पिशव्यांत मोठमोठी काळी एक्सरे पाकिटं. कुणी खोकत होतं, सगळेच खोकत होते. बांगड्या तिला तिसऱ्या रांगेत सापडल्या. बाई फोटोतल्या हातावरून वाटली होती त्याहून लहानखोर होती, नऊवारीवर पुरुषी स्वेटर, आणि पाय जमिनीला टेकत नव्हते. शेजारी सलवार-कमीझमधली तरुण मुलगी, ती सून. नीलाने मराठीत विचारलं, ‘भीमाबाई का तुम्ही, मावशी?’

बाईने मान वर केली आणि मराठी ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते बघणं नीलाला जड गेलं.

‘व्हय. पुकारलं का नाव? दागतरीण हायसा तुमी?’

‘नाही, मी डॉक्टर नाही. तो मेसेज आम्ही पाठवतो. आमच्या ऑफिसातून.’

‘बघ गं रिंकू, आपली बाई निगाली,’ म्हातारी सुनेला म्हणाली. ‘मी म्हनलं न्हवतं? कोन ना कोन भेटतंयच.’

रिंकूने सरकून जागा दिली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, जसं या दोन आठवड्यांत तिला कुणी बोलूच दिलं नव्हतं. यजमान, कौस्तुभ, सीमेवर होते. क्वार्टर जानेवारीत सोडायचं होतं. मिलिटरी इस्पितळाच्या कार्डावर आत्यांचं, म्हणजे सासूचं, नाव चढत नव्हतं, कारण एका कागदावर जन्मतारीख एक जून आणि दुसऱ्यावर एक जानेवारी, आणि दोन्ही मास्तरांनी आणि तलाठ्यांनी आपल्या मनाने घातलेल्या. म्हणून इथे नंबर लावला. आता म्हणतात मार्च. ‘मार्चमध्ये आम्ही इथे नसणार, मॅडम. गावाकडं परत जायचं म्हणजे जतच्या पुढं चाळीस किलोमीटर. परत कळ आली तर कुठं न्यायचं? मागच्या वेळी रात्रभर ट्रॅक्टरमध्ये होत्या.’

‘पण मावशी, तुम्ही रोज का येताय?’

‘मग काय करू? तारीक कळंना. ही म्हनली कायतरी इंग्लिश हाय. खिडकीवर इचारलं, तर तिथला बाबा म्हनला मेसेज में लिखा है, पढ़ लो. म्हनलं रोजच यावं. ज्या दिवशी असंल त्या दिवशी हाय आपुन जाग्यावर.’

‘सतरा तारखेला, म्हणजे गेल्याच्या गेल्या सोमवारी, आला होतात?’

‘सोमवारी व्हतो की. हितंच. ह्याच बाकड्यावर.’

सोमवारी होतो की. नीलाच्या डोळ्यांपुढे तक्त्यातली नववी ओळ आली. रिंकू सांगत होती की ऑपरेशनवाल्यांची हजेरी वरच्या मजल्यावर लागते, आणि आज माझी तारीख आहे असं जो जाऊन सांगेल त्याचीच लागते, हे त्यांना काल समजलं. म्हणजे बाई खाली बसलेली असताना वर तिच्या नावापुढे गैरहजर पडलं. दोन मजल्यांच्या मध्ये एक जिना. नीलाने काहीतरी बोलायचं म्हणून पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून पुढे केला. म्हातारीने तो हाताने बाजूला सारला.

‘नगं बाई. उपाशी यायचं सांगितलंय न्हवं.’

‘म्हणजे? आज?’

‘रोजच,’ रिंकू म्हणाली. ‘त्यात लिहिलंय ना खाली पेट. रात्री जेवल्या की मग दुसऱ्या दिवशी इथून तीन-चारला घरी जाईपर्यंत पाणीसुद्धा नाही. मी खूप सांगितलं, मॅडम, मार्च म्हणाले तरी ऐकत नाहीत. म्हणतात, आणि नेमकं आजच नाव आलं तर?’

‘उपासाचं काय न्हाई, सवय हाय,’ भीमाबाई म्हणाली, आणि नीलाचा हात थोपटला, जणू नीलालाच धीर द्यायला हवा होता. ‘बारा दिस झालं. आयतवारी यिऊन गेलो, तर दार बंद.’

आता नीलाला रडू येईल असं वाटलं, पण तेही आलं नाही. बारा दिवस. तीन चिन्हांपायी. तिने मोठ्याने सांगितलं, ‘मावशी, चूक माझी आहे. तारीख माझ्यामुळे दिसली नाही.’ तिला वाटलं होतं की हे म्हणताना आवाज कापेल. कापला नाही, नुसता भाजीच्या भावासारखा बाहेर पडला. भीमाबाईला पटलेलं दिसलं नाही. ‘तुजी कशी? तू तर आत्ताशी आलीस,’ ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच नीलाला अगं-तुगं केलं.

नीला तिथेच बाकावर बसून मोबाइलवर मेल लिहायला लागली. ऑफिसची इंग्रजी तिच्या बोटांत होती, पण या वेळी ‘तांत्रिक अडचण’ आणि ‘गैरसोयीबद्दल खेद’ अशी नेहमीची वळणं तिने घेतली नाहीत. घ्यायचा कंटाळा आला. लिहिलं की दहा नोव्हेंबरपासूनच्या मेसेजांत तारीख छापली गेली नाही, ही चूक आमच्या हुकमात होती, तो हुकूम मी लिहिला आणि मीच तपासला, खालील बावीस रुग्णांना त्यांची तारीख कळवलीच गेली नव्हती, म्हणून त्यांना गैरहजर म्हणता येणार नाही. खाली नावं घातली. नववं नाव नवव्याच जागी ठेवलं. मोह झाला होता, ते पहिलं ठेवण्याचा. शेवटी सवयीने मेल पुन्हा वाचायला वर गेली, आणि मधेच थांबून न वाचता पाठवून दिली. अंशुमनला प्रत होतीच. चार मिनिटांत त्याचा फोन आला. तिने घेतला.

‘मॅम, ये क्या किया आपने यार?’

‘जो हुआ था वही लिखा है.’

‘आपको पता है अब क्या होगा?’

‘नहीं,’ नीला म्हणाली. ‘पता नहीं. शाम को आती हूँ, बता देना.’ आणि तिला खरोखरच माहीत नव्हतं. बहुधा हे काम हातातून जाईल, कदाचित नोकरीही जाईल. भीती वाटायला हवी होती, तिच्या जागी नुसती बसून राहावंसं वाटणारी एक सुस्ती होती.

शिवांगी दुपारी एकच्या सुमाराला जिना उतरून खाली आली. घसा बसलेला तो आवाज एवढ्या उंच मुलीचा असेल असं नीलाला वाटलं नव्हतं. हातात कागद होता, अधीक्षकांची सही ओली. येत्या तीन शनिवारी जादा ऑपरेशनं लावून बावीसच्या बावीस जणांना बसवलं होतं. भीमाबाईंना दुसऱ्या शनिवारची तारीख मिळाली होती, सहा डिसेंबर.

‘थँक यू मत बोलिए,’ शिवांगी म्हणाली. ‘मैंने भी बारह दिन इनको यहीं बैठे देखा, मैडम. मुझे लगा किसी मरीज़ के साथ आई हैं.’

नीलाने पर्समधल्या कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं, शनिवार, सहा डिसेंबर, सकाळी आठ, वरचा मजला, आणि तो रिंकूच्या हातात दिला. भीमाबाईने तो कागद सुनेकडून घेतला, उलटसुलट बघितला, घडी करून चोळीत ठेवला. मग बिस्किटांचा पुडा स्वतःहून मागून घेतला आणि एकेक बिस्कीट दोन तुकडे करून खायला लागली.

शिवांगी म्हणत होती की मेसेजवर आता तिचा विश्वास नाही, एकेकाला फोन करावे लागतील, आणि वर माणूस एकच आहे. ‘मी करते,’ नीला म्हणाली, मग लक्षात येऊन तेच हिंदीत म्हणाली. यादी मांडीवर घेतली. पहिल्याचा फोन बंद होता. दुसरं नाव रामअवतार, वय अठ्ठावन्न, हर्निया, पत्ता नजफगढच्या पुढचा. तिने नंबर लावला. पलीकडे रिंग गेली, आणि त्याच वेळी हॉलमध्येही कुठेतरी फोन वाजायला लागला, भजनाची धून, मोठ्या आवाजात. नीलाने कानावरचा फोन खाली घेतला. मागे वळून बघितलं. सातव्या रांगेत एक हडकुळा माणूस मफलर बाजूला करत स्वेटरच्या खिशात हात घालत होता, घाईघाईने, फोन सापडत नव्हता. शेवटी सापडला. ‘हैलो,’ तो म्हणाला, आणि तो शब्द नीलाला दोन्हीकडून ऐकू आला.

‘रामअवतार जी? आप... आप कहाँ हैं?’

‘अस्पताल में ही हूँ, मैडम जी. रोज़ यहीं बैठता हूँ. हमारी तारीख़ आ गई क्या?’

नीलाने तिसरा नंबर लावला नाही. ती उठली. गुडघा दुखला, बाकाचा दांडा धरून ती नीट उभी राहिली, यादी दोन्ही हातांत धरली आणि तिसऱ्या नावापासून मोठ्याने वाचायला लागली. पहिल्यांदा आवाज खोकल्यांत बुडाला. तिने तेच नाव पुन्हा घेतलं, आणखी मोठ्याने. सगळ्यात मागच्या रांगेत, खिडकीपाशी, काळी पिशवी छातीशी धरून एक बाई उभी राहिली. मग दाराजवळ एक म्हातारा. बाराव्या नावापर्यंत, भीमाबाई सोडून, सात माणसं उभी राहिली होती, आणि त्यांतल्या एकानेही सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.